सुताराच्या उरलेल्या तुकड्यांतून खुंटाळी, दिव्याची पाटी आणि कोस्टर : कामाचा क्रम

फर्निचरचं काम उरकून सुतार गेला की घरात एक गोणी मागे राहते. सागवानी पट्ट्यांचे कटपीस, प्लायचे चौकोन, बीडिंगचे हातभर तुकडे, जुन्या चौकटीचा एखादा दांडा. टाकवत नाही म्हणून ती गच्चीत जाते आणि एखाद्या रविवारी कुणाला तरी उत्साह येतो. संध्याकाळपर्यंत काहीतरी तयारही होतं. पण महिन्याभरात त्याला चीर जाते, हात लावला तर चिकट लागतं, नाहीतर ते प्लास्टरसकट भिंतीवरून खाली येतं.

याचा दोष हाताला देऊ नका. बहुतेक वेळा चुकतो तो क्रम: लाकूड ओलं असताना करवत चालवायची, पॉलिश झाल्यावर भोकं पाडायची, जोडून झाल्यावर कोपऱ्यात बोट घालून घासत बसायचं, आणि भिंतीचा विचार सगळ्यात शेवटी. खाली किल्ल्यांची खुंटाळी मुख्य धरली आहे, कारण तिच्यात सगळे टप्पे येतात. दिव्याची पाटी आणि फांदीचे कोस्टर शेवटी थोडक्यात आहेत. त्यांचा क्रम तोच, अडचणी तेवढ्या वेगळ्या.

## १. गोणी उपसा, ढीग लावा

जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि चार ढीग करा: भरीव लाकूड, प्लाय आणि ब्लॉकबोर्ड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, रंग दिलेलं जुनं लाकूड.

पहिल्या कामाला भरीव लाकूडच घ्या. त्यातही सागवान असेल तर उत्तम. ते हातानं कापायला फार अवघड नाही आणि एकदा वाळलं की फारसं वाकडंतिकडं होत नाही. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन मऊ असतं, नखानंही ओरखडा उठतो, पण शिकायला चांगलं. शिसव दिसायला देखणं, मात्र नवशिक्याची करवत आणि धीर दोन्ही बोथट करतं. प्लायचे थर कडेला उघडे दिसतात, त्यांवर लिपिंग, म्हणजे लाकडाची पातळ पट्टी, चिकटवावं लागतं; ते काम नंतर कधीतरी. एमडीएफच्या कडेत स्क्रू घातला की ते पानांसारखं फाटतं आणि पाणी लागलं की फुगतं. त्याचा भुसा पिठाइतका बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा चिकट असतो. घरात बसून ते घासू नका.

सावध: जुन्या दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात किती आहे, ते बघून कळत नाही. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर हा ढीग सरळ बाजूला ठेवा.

पॅकिंगच्या फळ्यांवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह जाळून उमटवलेलं असतं. त्याच्याजवळची इंग्रजी अक्षरं वाचा. एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, बिनधास्त वापरा. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. असं लाकूड घरात आणू नका.

आता प्रत्येक तुकडा उन्हात धरून बघा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली आणि कागदावर आपटल्यावर मैद्यासारखी पूड पडली, तर आत कीड जिवंत आहे. असा तुकडा घराबाहेर काढा, 'पॉलिशखाली मरेल' या आशेवर राहू नका. सागवानात गाभ्याचा भाग तपकिरी असतो आणि सालीकडचा पट्टा फिकट. कीड आधी त्या फिकट पट्ट्याला लागते, शिवाय पॉलिशमध्येही तो वेगळा दिसतो. जमेल तिथे कापून टाका.

## २. वाळलंय की नाही, ते वजन सांगेल

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात. लाकूड वाळताना लांबीत जवळपास आटत नाही, रुंदीत आटतं. ओल्या पट्टीवर आज नीट बसलेला जोड उन्हाळ्यात उघडतो, तो यामुळे.

ओलसरपणा मोजायचं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. तुकड्याचं वजन करून पेन्सिलीनं त्याच्यावरच तारखेसह लिहा. तुकडे सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा आणि दोन तुकड्यांमध्ये बारीक काड्या घाला, म्हणजे वारा सगळीकडून लागेल. आठवड्यानं पुन्हा वजन. लागोपाठ दोन वेळा आकडा तोच आला की लाकूड तुमच्या घराच्या हवेला रुळलं.

घाई म्हणून गच्चीच्या उन्हात टाकू नका. वरचा भाग आधी आटतो, आतला ओला राहतो आणि टोकांना चिरा जातात. टोकांमधून ओल सगळ्यात लवकर बाहेर पडते, म्हणून वखारीतून आणलेल्या ताज्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना फेव्हिकॉलचा जाड हात द्यावा. नंतर तेवढं टोक कापून टाकता येतं.

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये वाळवण आणि पॉलिश या दोन्ही गोष्टी नकोत. निवड, आखणी, खिळे काढणं पावसात उरका. पुढचं काम ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत.

तपासा: लागोपाठची दोन वजनं सारखी आली? तरच पुढे.

## ३. आधी भिंत, मग आखणी

खुंटाळी कुठे लागणार ते आत्ताच ठरवा. दारामागची जागा घेतली तर दार पूर्ण उघडल्यावर किल्ल्या आपटतात का ते बघा. भिंतीवर त्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा चिकटपट्टीनं लावून दोन दिवस राहू द्या. उंची घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाच्या खांद्याएवढी ठेवा. घरात रांगतं-चालतं मूल असेल तर जरा वर.

सावध: स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचं नाही. भिंतीतल्या वायरी बहुधा तशाच उभ्या जातात. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत नळाचा पाइप असू शकतो, तीही टाळलेली बरी.

आता माप. सुतार इंच आणि सुतात बोलतो, १ इंचाचे ८ सूत. तुम्ही सेंटिमीटरमध्ये करा, काही बिघडत नाही, पण एका कामात एकच माप आणि एकच टेप. दोन टेपच्या टोकाच्या पत्र्यात अर्धा सूत फरक सहज निघतो.

चार हुकांच्या खुंटाळीसाठी १४ इंच लांब, ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्टी पुरते. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनंच हव्यात. आडव्या रेषांची पट्टी हातानंही मोडते. डाव्या टोकापासून हुकांच्या खुणा अशा: अडीच, साडेपाच, साडेआठ आणि साडेअकरा इंच. म्हणजे मधली अंतरं ३ इंचांची आणि दोन्ही टोकांना अडीच. या खुणा खालच्या कडेपासून सव्वा इंचावर. भिंतीच्या स्क्रूच्या खुणा ४ आणि १० इंचांवर, वरच्या कडेपासून एक इंच खाली, म्हणजे त्या हुकांच्या बरोबर मध्ये येतात आणि स्क्रू फिरवताना हूक आड येत नाही.

नवखे लोक १४ ला ४ नं भागतात आणि पहिला हूक टोकालाच लावून मोकळे होतात. तसं करू नका. टोकाजवळचा स्क्रू लाकूड फोडतो.

आखणी अणकुचीदार पेन्सिलीनं आणि गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून. बॉलपेनची शाई लाकडात मुरते आणि पॉलिशखाली कायमची दिसते.

## ४. खिळे काढा, मग कापा

जुन्या तुकड्यात मोडलेला खिळा लपलेला असतो. बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा. ओढ लागली तिथे खूण करा. खिळा ओढताना पकडीखाली एक पातळ फळी ठेवा, नाहीतर पकडीच्या जबड्याचा खड्डा लाकडात उठतो. निघतच नसेल तर तेवढा भाग मापातून वगळा.

कापताना करवत रेषेवर चालवायची नाही, रेषेच्या टाकाऊ बाजूला चालवायची. करवतीची जाडीही लाकूड खाते, म्हणून रेषेवरून कापलेली पट्टी आखूड भरते. पहिले चार-पाच ओढे उलट दिशेनं, अंगठ्याच्या पेराचा आधार देऊन. खाच पडली की मग पूर्ण लांबीचे. शेवटचा अर्धा इंच राहिला की वेग कमी करा आणि लोंबणारा तुकडा डाव्या हातानं धरा. तो स्वतःच्या वजनानं तुटला तर चांगल्या पट्टीची ढलपी ओढून नेतो.

सावध: ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून काम करणारे पुष्कळ दिसतात. दाता अडकला की मशीन क्षणात अंगावर उसळतं. घरच्या चार तुकड्यांसाठी हातकरवत पुरे. ती नको असेल तर वखारीत किंवा फर्निचरवाल्याकडून कापून आणा.

तपासा: कापलेल्या टोकाला चारही बाजूंनी गुण्या लावा. फट दिसली तर आत्ताच कानशीनं सारखं करा.

## ५. सगळी भोकं आत्ताच

पॉलिशनंतर पाडलेल्या भोकाच्या तोंडाशी पॉलिशची खपली निघते आणि ती नीट दुरुस्त होत नाही. म्हणून हुकांची आणि भिंतीची, दोन्ही भोकं या टप्प्यावर.

हुकाचा स्क्रू त्याच्या आट्यांच्या मधल्या दांड्याएवढ्या जाडीचं भोक मागतो. बिट आणि स्क्रू उजेडाकडे समोरासमोर धरा: बिटामागे दांडा झाकला गेला पाहिजे आणि आटे दोन्ही बाजूंना दिसले पाहिजेत. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण अडीच ते ३ मिलिमीटरचं बिट. भोक आरपार जाऊ नये म्हणून बिटाला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टीचं निशाण गुंडाळा.

भिंतीच्या स्क्रूसाठी मात्र भोक आरपार आणि सैल: ८ नंबरच्या स्क्रूला ५ मिलिमीटर. इथे आटे लाकडाला चावता कामा नयेत, नाहीतर पट्टी भिंतीला घट्ट बसत नाही, मागे फट राहते. पट्टीखाली टाकाऊ लाकूड ठेवून दाबून धरा, म्हणजे मागच्या बाजूला भोकाच्या कडा फुटत नाहीत.

फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका. कापड बिटात गुंडाळलं की हात आत ओढला जातो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस यांचंही तेच.

## ६. घासणी: घाई करायची नाही अशी एकच जागा

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. क्रम ८०, १२०, १८०, २२०. ८० वरून थेट २२० वर उडी मारली तर जाड पेपरचे ओरखडे तसेच राहतात. ते आत्ता दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात बसला की सगळे एकदम वर येतात. तुकडा आधीच रंधलेला आणि गुळगुळीत असेल तर ८० गाळून १२० पासून सुरू करा.

पेपर हातात धरून घासू नका. बोटांखाली दाब कमी-जास्त पडतो आणि सपाट पट्टीला लाटा येतात. मुठीत मावेल अशा लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळा. हात रेषांच्या दिशेनंच चालवायचा. आडवा हात मारला की जे ओरखडे पडतात ते काढायला पुन्हा मागच्या नंबरवर जावं लागतं. गोल फिरणारं मशीन असेल तर शेवटचा २२० तरी हातानं मारा, नाहीतर बारीक गोल गोल खुणा राहतात.

किती घासायचं याचा अंदाज येत नसेल तर प्रत्येक नंबरच्या आधी पट्टीवर पेन्सिलीनं हलक्या नागमोडी रेषा काढा. सगळ्या पुसल्या गेल्या की तो नंबर झाला. मग खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. राहिलेला प्रत्येक ओरखडा सावली टाकतो.

२२० झाला की ओल्या फडक्यानं पट्टी पुसून वाळू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतील, पृष्ठभाग खरखरीत लागेल. घाबरू नका, तोच २२० हलक्या हातानं पुन्हा फिरवा. ही एक फेरी केली की पॉलिश काचेसारखं बसतं. कडांची धारही याच वेळी मोडा, चार-पाच हलके हात पुरतात; धारदार कडेवर पॉलिश टिकत नाही.

मास्क लावा आणि काम बाल्कनीत करा. सागाच्या भुशानं काहींच्या अंगाला खाज सुटते.

## ७. वरची फळी जोडायची असेल तर

खुंटाळीवर पत्रं किंवा मोबाइल ठेवायला दोन इंची पट्टी आडवी बसवता येते. नको असेल तर हा टप्पा सोडा.

जोडाच्या आतल्या बाजू आधीच घासून झालेल्या हव्यात. सागवान तेलकट असतं, म्हणून फेव्हिकॉल लावण्याआधी जोडाची जागा थिनरच्या फडक्यानं पुसून उडू द्या. पट्टीची लांब कड लांब कडेला चिकटते तेव्हा जोड पक्का बसतो. लाकडाचं कापलेलं टोक मात्र चिकट शोषून घेतं. तिथे नुसत्या फेव्हिकॉलवर विसंबू नका, स्क्रू हवाच. शिकंजा (क्लॅम्प) नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा. २४ तास हात लावायचा नाही.

बाहेर आलेला चिकट लगेच ओल्या फडक्यानं पुसा. वाळलेल्या फेव्हिकॉलवर पॉलिश चढत नाही, पांढुरका डाग राहतो. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलेल्या चिरेचंही तसंच होतं, त्यामुळे हा प्रसिद्ध जुगाड मागच्या बाजूपुरता ठेवा.

तपासा: थिनरच्या फडक्यानं सगळी पट्टी एकदा पुसा. ती ओली असेपर्यंत चिकटाचे डाग वेगळे उठून दिसतात. दिसतील तिथे १८० आणि २२० पुन्हा.

## ८. तेल किंवा पॉलिश, एकच काहीतरी

खोबरेल, शेंगदाणा, सूर्यफूल यांतलं काहीही लावू नका. दोन दिवस लाकूड सुंदर दिसतं, मग त्यावर धूळ बसते आणि काही आठवड्यांत खवट वास येऊ लागतो. ही तेलं लाकडावर नीट सुकत नाहीत. अळशीचं, म्हणजे जवसाचं तेल सुकतं, कारण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याचा पापुद्रा धरतो. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' मागा. कच्चं तेल सुकायला फार दिवस घेतं. फडक्यानं पातळ हात लावा, १५ मिनिटांनी कोरड्या फडक्यानं उरलेलं सगळं पुसून काढा, २४ तास थांबा. असे तीन हात. चिकटपणाची जवळपास प्रत्येक तक्रार न पुसलेल्या तेलाची असते.

सावध, आणि हे गांभीर्यानं घ्या: अळशीच्या तेलाचं फडकं चुरगळून डब्यात टाकू नका. सुकताना ते तापतं. घडीत उष्णता कोंडली की फडकं आपोआप पेट घेतं. एकतर दोरीवर पूर्ण पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

चकाकी हवी असेल तर लाखेचं पॉलिश. १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये १५ ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. जुन्या सुती कापडाच्या बोळ्यानं लांब, सरळ हात मारा. हात मध्येच थांबला की तिथे डाग पडतो. दुसरा हात तासाभरानं. दोन हातांच्या मध्ये वापरून गुळगुळीत झालेला २२० चा तुकडा अगदी हलका फिरवा. जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटती नको. दमट हवेत लाखेवर दुधाळ झाक येते, पावसाळ्यात पॉलिश नको म्हटलं ते यासाठीच.

मागची बाजूही विसरू नका. एकाच बाजूला पॉलिश केलेली पट्टी दुसऱ्या बाजूनं ओल पिते आणि वाकते.

पॉलिश नीट वाळल्यावर हूक बसवा. पितळी स्क्रू मऊ असतो, जोर लावला की डोकं तुटून हातात येतं आणि दांडा लाकडात राहतो. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी घालून काढा, मग पितळी स्क्रूला मेणबत्ती चोळून तो फिरवा.

## ९. भिंतीवर

खिळा नुसत्या प्लास्टरमध्ये बसतो आणि किल्ल्यांच्या रोजच्या ओढीनं सैल होतो. ६ मिलिमीटरचं भोक, त्यात गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) आणि अडीच इंची स्क्रू हवा. गिट्टी प्लास्टरच्या आत, विटेपर्यंत सरकली पाहिजे. ड्रिलमधून आधी पांढरट-करडी आणि मग लाल पूड आली की वीट लागली. नवीन इमारतीत हलके ब्लॉक असतात, त्यांना पूड करडीच येते आणि बिट लोण्यात गेल्यासारखं जातं. तिथे हॅमर बंद ठेवा आणि ब्लॉकसाठीची जाड गिट्टी मागा.

आधी एकच भोक पाडा, पट्टी सैल अडकवा, मोबाइलवरचं लेव्हल वरच्या कडेला ठेवून सारखी करा आणि मग दुसऱ्या भोकाची खूण पट्टीच्या भोकातूनच करा. टेपनं मोजून दोन्ही भोकं आधीच पाडली की हमखास एक भोक दोन सूत खाली जातं.

भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल तर दुहेरी चिकटपट्टीचा मोह टाळा. ती लाकडाला धरून ठेवते, पण डिस्टेंपर भिंतीपासून सुटतो. तिथे खुंटाळीऐवजी दिव्याची पाटी करा, ती टेबलावर राहते.

## दिव्याची पाटी

टी-लाइटचा व्यास ३८ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून ४० मिलिमीटरचं होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, घ्या. ते भोक आरपार पाडतं. त्यामुळे पाऊण इंची पट्टीला तीन भोकं पाडून तिच्याखाली दुसरी तेवढीच पट्टी चिकटवायची. दोन्हींच्या रेषा एकाच दिशेनं हव्यात. आडव्या-उभ्या चिकटवल्या तर ऋतू बदलला की पाटी वाकते. १६ इंच पट्टीवर भोकांचे मध्य ३, ८ आणि १३ इंचांवर. त्याहून जवळ आणले तर एका ज्योतीनं दुसरीचं मेण भराभर वितळतं.

भोकात थेट टी-लाइट ठेवू नका, आत काचेची किंवा स्टीलची बुटकी वाटी बसवा. वाटी ४० मिलिमीटरच्या भोकात मावत नसेल तर भोक त्या वाटीच्या मापाचं पाडा. नुकत्याच पॉलिश केलेल्या पाटीवर दिवा लावायचा नाही, आठवडाभर थांबा. पडदा आणि आकाशकंदिलाची झिरमिळी दूर. मातीच्या पणत्या ठेवणार असाल तर एवढं लक्षात घ्या की त्यांच्या मातीतून तेल झिरपतं, आणि लाकडात उतरलेला तो डाग घासूनही जात नाही. पणत्या आधी पाण्यात भिजवल्या तरी खाली ताटली हवीच.

## फांदीचे कोस्टर

पावसात पडलेली आंब्याची किंवा बाभळीची फांदी दिसली की तिच्या चकत्या कापाव्याशा वाटतात. ओल्या फांदीची चकती मात्र हमखास सालीपासून गाभ्यापर्यंत, पाचरीसारखी फाटते. लाकूड गाभ्याकडून सालीकडे जेवढं आटतं, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्तुळाच्या दिशेनं आटतं. परीघ आखूड होतो, मध्य तेवढा आटत नाही, म्हणून चीर जाते. उपाय दोन. फांदी अख्खी, दोन्ही टोकांना फेव्हिकॉल लावून सावलीत वर्षभर ठेवायची आणि मग कापायची. किंवा तिरक्या, लांबट चकत्या कापायच्या. त्या कमी फाटतात, पण फाटणारच नाहीत असं नाही, म्हणून सहा हव्या असतील तर दहा कापा.

जाडी ४ ते ५ सूत ठेवा. त्याहून पातळ चकती वाकते. साल सुटायला आली असेल तर आत्ताच पटाशीनं पूर्ण काढा, अर्धी चिकटवून ठेवलेली साल पहिल्याच महिन्यात टेबलावर गळते. कोस्टरला लाखेचं पॉलिश चालत नाही, गरम चहाच्या कपाखाली पांढरी गोल खूण उठते. इथे अळशीचं तेलच, आणि तिसऱ्या हातानंतर कप ठेवण्याआधी निदान दोन आठवडे हवेवर.